इजाजतीचा कागद

रमजान सुरू होण्याच्या आठवडाभर आधी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चौथीपर्यंत ती माझ्या वर्गात उर्दू शाळेत होती. आता सोलापुरात मानसशास्त्र घेऊन बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. हातात अर्जाचे कागद होते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला त्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ करता येते. बारा श्रेयांकांचा लघुप्रबंध लिहायचा. जे काम पूर्वी मुले एम. ए.ला किंवा त्यानंतर करीत, ते आता एकविसाव्या वर्षी. त्यासाठी आधी अर्ज द्यायचा: विषय कोणता, माहिती कोणाकडून घेणार, त्यांची संमती कशी घेणार, त्यांना यातून लाभ काय.

विषय तिने ठरवलेला होता. उजनी धरणात गाव गेलेल्या वृद्ध स्त्रियांचे दुःख. आणि त्या स्त्रियांत पहिली तिची स्वतःची दादी.

‘‘टीचर, संमतीपत्र आपल्या बोलीत करून द्या,’’ ती म्हणाली. ‘‘मराठीतला कागद दादीला समजत नाही.’’

आमच्या भागातल्या काही गावांच्या नावापुढे आकडा असतो. वांगी नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. केत्तूर नंबर एक, नंबर दोन. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते. एक गाव पाण्याखाली गेले आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या माळांवर बसले, म्हणून हे आकडे. १९८० साली धरण पुरे झाले. एकूण ११७ टीएमसी पाणी, त्यातले ६३ टीएमसीहून अधिक सरकारी भाषेत ‘मृत साठा’, म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी मृतच. दादीच्या जुन्या गावाचे कब्रस्तान त्याच साठ्याखाली आहे, आणि तिचे पहिले मूल त्या कब्रस्तानात आहे. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले, तेव्हा घरच्यांनी तिला काठापर्यंत नेले होते. चिखल वाळून भेगा पडलेल्या. कुठली जागा कोणाची, काही ओळखू येईना. तिने जागच्या जागी फातिहा पढली आणि परत आली.

असे दुःख अभ्यासाचा विषय होऊ शकते का, असे कोणी विचारील. होऊ शकते, आणि झालेही आहे. अमेरिकेत बोस्टन शहरातली वेस्ट एंड ही जुनी वस्ती पाडल्यावर मार्क फ्रीड यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास करून १९६३ साली दाखवले, की घर गेल्याचे दुःख माणूस गेल्याच्या दुःखासारखेच असते आणि कित्येकांना ते वर्षानुवर्षे सोडत नाही. आफ्रिकेत करिबा धरणामुळे उठवल्या गेलेल्या टोंगा लोकांबद्दल एलिझाबेथ कोल्सन यांनी १९७१ साली पुस्तक लिहिले. पोरीने हे सारे वाचलेले होते. माझ्या मनात आले होते की हिला एखादा सोपा विषय सुचवावा, मोबाइल आणि परीक्षेची भीती असले काही. ते मी मनातच ठेवले, हे बरे झाले.

संमतीपत्र मी करून दिले. दोघी मिळून दादीपुढे बसलो आणि वाचून दाखवले. दादीने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, ‘‘सुसरे ने अंगूठा दिये, गाव गया. अब तू मेरा अंगूठा लेके क्या लेके जाती गे?’’

आम्ही दोघी गप्प झालो.

दादीच्या बोलण्यातली चूक काढणे सोपे आहे. तो अंगठा संमतीचा नव्हताच. १८९४च्या भूसंपादन कायद्यात हरकत घेता येत असे, नाही म्हणता येत नसे. अंगठा उमटवला तो पैसे मिळाल्याबद्दलचा. नातीचा कागद वेगळा होता. त्यात एक ओळ होती: आपण केव्हाही, कारण न सांगता, माघार घेऊ शकता. सरकारी कागदात अशी ओळ या माणसांनी कधी ऐकली नव्हती. पण अंगठा लावणाऱ्याला दोन्ही कागद सारखेच दिसतात, याला काय करायचे?

मानसशास्त्रालाही ही ओळ सहज सुचलेली नाही. १९६१ साली येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी स्मरणशक्तीचा प्रयोग म्हणून माणसे बोलावली आणि आपण दुसऱ्याला विजेचे झटके देत आहोत अशी त्यांची समजूत करून दिली. झटके खोटे होते, पण त्या माणसांची तगमग खरी होती. अशा प्रयोगांवर वाद झाले, नियम आले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा त्रयस्थ साक्षीदारासमोर घ्यावा, असे त्यांत आहे. साक्षीदार म्हणून पोरीने माझे नाव घातले होते.

आणि इथे मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. बी. एड.ला ‘व्यक्ती अभ्यास’ लिहावा लागतो. मी वर्गातला एक अबोल मुलगा निवडला. त्याच्या आईने चहा करून दिला आणि नवऱ्याच्या व्यसनाबद्दल, मारहाणीबद्दल सगळे सांगितले. ती शिक्षिकेशी बोलत होती. मी मात्र फाइलसाठी ऐकत होते. नावासकट सगळे लिहिले. छान गुण पडले. पुढच्या वर्षीच्या मुलींनी ती फाइल नमुना म्हणून घरी नेली, त्यातली एक त्याच गावची निघाली, आणि चार महिन्यांत गोष्ट त्या बाईच्या नळावर पोचली. ती मला काही बोलली नाही. पुढे रस्त्यात भेटली तर सलाम करायची, एवढेच. मजलिसीतली गोष्ट अमानत असते, हे आपण मदरशात बसून शिकलेलो असतो. गीबत वाईट, हेही शिकतो. पण वहीत, समास आखून, मथळा देऊन लिहिलेली गीबत आपल्याला ओळखू येत नाही. तिला आपण अभ्यास म्हणतो. मी त्या बाईकडून इजाजत घेतली नव्हती. घेतली असती तर तिने दिली असती का? बहुधा दिली असती. शिक्षिकेला नाही कसे म्हणणार?

मला अडचण वाटते ती इथेच. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला काय अर्थ? परक्याला नाही म्हणता येते. नातीला नाही म्हणणारी दादी मी पाहिलेली नाही. हिच्या दादीने टोमणा मारला खरा, पण दुसऱ्या दिवशी नातीचा उतरलेला चेहरा पाहून तिने अंगठा पुढे केलाच असता. म्हणून मी पोरीला सांगितले, साक्षीदार व्हायला मी तयार आहे, पण दादीला यातून वगळ. दुसऱ्या गावांतल्या बायांकडे जा. त्यांतल्या काही तुला दारातूनच परत पाठवतील. पाठवू देत.

तिने अर्ज पुन्हा लिहिला. ‘सहभागींना लाभ’ या रकान्यात आधी तिने विस्थापितांच्या प्रश्नांना वाचा फुटेल वगैरे लिहिले होते. ते खोडून लिहिले, ‘थेट लाभ नाही’. मार्गदर्शकांनी काही न बोलता सही केली. मला तिचा अभिमान वाटला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी ती शीरखुर्मा घेऊन आली, पण तोंड एवढेसे. दादी रुसली होती म्हणे. सगळीकडे विचारून झाल्यावर तिने नातीला जवळ बसवले आणि विचारले, ‘‘सब की दादी का सुनती, मेरा कब सुनती?’’ कागद नको, अंगठा नको, असेही तिने सांगितले. मे महिन्यात पाणी खाली गेले की मला तिकडे घेऊन चल, तिथे बसून सांगते.

‘‘मग हे प्रबंधात घ्यायचे की नाही, टीचर?’’ पोरीने विचारले.

मी वाटी हातात घेऊन बसले होते. मला उत्तर सुचले नाही. मेला अजून अवकाश आहे.