सभागृहातला कारखानदार

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात शिरण्याआधी, ओसरीच्या डाव्या टोकाला बाहेरच्या भिंतीवर एक लांबलचक संस्कृत शिलालेख आहे. अक्षरं झिजली आहेत, काही ओळी पार गेल्या आहेत. आतलं मरणासन्न राजकन्येचं चित्र बघायची घाई असल्यामुळे बहुतेक जण तिथे थांबत नाहीत. उरलेल्या मजकुरातून वाकाटक राजांची वंशावळ हाती लागते आणि मग लेणं खोदवून घेणाऱ्याचं नाव येतं: वराहदेव, हरिषेण राजाचा मंत्री. काळ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. शेजारचं सतरावं लेणं एका मांडलिक राजाने करवून घेतलं. त्याच्या कितीतरी आधीच्या बाराव्या लेण्यात एका व्यापाऱ्याच्या दानाची नोंद सापडते. उत्तरेकडच्या व्यापारी वाटा या घाटातूनच जायच्या. म्हणजे पैसा आणि सत्ता अजिंठ्याच्या कातळावर पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत आणि दोघांनीही आपलं नाव लिहून ठेवलं आहे. वराहदेवाने तर आपण कोण, कोणत्या पदावर आणि कुणाच्या पदरी, हे सगळंच सांगितलं.

लोकशाहीत कारखानदार कायदेमंडळात जाऊन बसतो तेव्हा एवढं तरी त्याच्याकडून कळायला हवं. आपली संपत्ती कशी उभी राहिली, त्यात सरकारचा हात किती, आणि आपण सभागृहात आलो ते कुणाच्या मतांवर?

अमेरिकेतलं एक आयुष्य या प्रश्नांसाठी मुद्दाम बघण्यासारखं आहे. बॅरी गोल्डवॉटर यांचे आजोबा पोलंडमधून आलेले ज्यू व्यापारी. अरिझोनाच्या खाणवस्त्यांमध्ये माल विकत विकत त्यांनी पेढी उभी केली, पुढे तिचं फिनिक्स शहरातलं नामांकित दुकान झालं. १९२९ मध्ये वडील वारले आणि बॅरी कॉलेज अर्धवट सोडून गल्ल्यावर येऊन बसले. माल खपवण्याची त्यांना उत्तम जाण होती. लाल मुंग्यांची नक्षी छापलेल्या पुरुषांच्या चड्ड्या त्यांनी बाजारात आणल्या आणि त्या देशभर गाजल्या. १९४९ मध्ये ते फिनिक्सच्या नगरपरिषदेत गेले, १९५२ मध्ये सेनेटमधले बहुमताचे नेते अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना हरवून सेनेटर झाले. सरकारने व्यापारात, शेतीत, कामगार-मालकांच्या व्यवहारात कमीत कमी लुडबुड करावी, हा त्यांचा सिद्धांत. १९६० मध्ये त्यांच्या नावावर निघालेल्या पुस्तकाने अमेरिकी पुराणमतवादाला तरुण अनुयायी मिळवून दिले.

याच सिद्धांताने त्यांच्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक करवली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिलं. व्यक्तिशः ते वर्णद्वेष्टे नव्हते. अरिझोनाच्या हवाई राष्ट्ररक्षक दलातला वर्णभेद संपवण्यात त्यांचा वाटा होता. पण खासगी दुकानदाराने कुणाला माल विकावा हे केंद्र सरकारने ठरवू नये, असं ते धरून बसले. दुकानदाराचं स्वातंत्र्य त्यांना दिसलं. दारातच अडवलेलं काळं गिऱ्हाईक त्यांना दिसलं नाही. त्याच वर्षी ते अध्यक्षपदाला उभे राहिले आणि सहा राज्यं सोडून सगळीकडे पडले.

याहून बोधप्रद गोष्ट पाण्याची आहे. फिनिक्स हे वाळवंटातलं शहर. १९११ साली पूर्ण झालेलं रूझवेल्ट धरण केंद्राच्या पैशातून बांधलं गेलं आणि त्या पाण्यावर शेती, मग वस्ती, मग गोल्डवॉटर यांच्या दुकानाची गिऱ्हाइकं वाढली. पुढे कोलोरॅडो नदीचं पाणी शेकडो किलोमीटर कालव्याने फिनिक्स आणि टूसॉनकडे आणणाऱ्या प्रकल्पाला १९६८ मध्ये मंजुरी मिळाली. खर्च पुन्हा केंद्राचा. सरकारी खर्चाविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या गोल्डवॉटर यांचा या प्रकल्पाला पाठिंबा होता. तो नसता तर अरिझोनाच्या मतदाराला तोंड दाखवणं त्यांना जड गेलं असतं. यात ढोंग शोधत बसण्यापेक्षा एक गोष्ट ओळखणं महत्त्वाचं: कोरड्या मुलखात मुक्त बाजारसुद्धा कालव्याच्या पाण्यावरच उगवतो.

मराठवाड्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. गोदाकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पैठणचं हे पाणी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पोचलं म्हणून चिकलठाणा आणि वाळूज इथल्या औद्योगिक वसाहती चालल्या. मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना राज्य सरकारच्या प्रोत्साहन योजनेत विक्रीकराच्या सवलती होत्या, एमआयडीसीची जमीन होती, रस्ते होते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांची रांग लागली. सिल्लोड, गंगापूर, पैठण, फुलंब्रीच्या शेतकऱ्यांची मुलं जेवणाचा डबा घेऊन पहिल्या पाळीला जाऊ लागली.

या कारखान्याचे धनी राहुल बजाज २००६ ते २०१० या काळात महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. उद्योगपती, विचाराने बरेचसे परंपरानिष्ठ, वरिष्ठ सभागृहाचे सदस्य: गोल्डवॉटर यांच्याशी साम्य आहे, आणि फरकही तितकाच मोलाचा आहे.

राहुल बजाज यांचा जन्म १० जून १९३८ चा. आजोबा जमनालाल बजाज. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. वडील कमलनयन वर्ध्याचे खासदार होते आणि १९६९ च्या काँग्रेस फुटीत ते इंदिरा गांधींच्या विरोधी गटात राहिले. म्हणजे सत्तेशी नातं आणि सत्तेशी भांडण, दोन्ही घरातच. दिल्लीत सेंट स्टीफन्स, मुंबईत कायद्याची पदवी, मग हार्वर्डची एमबीए. १९६५ मध्ये ते बजाज ऑटोत आले आणि १९६८ पासून कारभार पाहू लागले. राहायला ते मलबार हिलवर गेले नाहीत. पुण्याजवळ आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच त्यांनी संसार केला. पत्नी रूपा मूळच्या घोलप, मराठी घरातल्या.

परवानाराजने या माणसाला एकाच वेळी बांधलंही आणि पोसलंही. किती स्कूटर बनवायच्या याचा आकडा दिल्लीत ठरायचा. १९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरसाठी लोक दहा-दहा वर्षं नंबर लावून बसायचे. नंबर लागलेली पावती जास्त भावाने विकली जायची, लग्नाच्या बोलणीत स्कूटरची मागणी व्हायची. उत्पादन वाढवू द्या म्हणून बजाज सरकारशी झगडत राहिले, त्यात त्यांची तळमळ खरी होती. पण त्याच परवान्यांमुळे त्यांना तोडीचा स्पर्धकही नव्हता. ग्राहक ताटकळत उभा आणि कारखानदार निर्धास्त, असा तो काळ.

१९९१ नंतर दारं उघडली. १९९३ मध्ये काही बडे उद्योगपती एकत्र आले आणि परदेशी कंपन्यांशी झुंजण्याआधी देशी उद्योगाला समान संधी द्या, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली. वर्तमानपत्रांनी या गटाला ‘बॉम्बे क्लब’ म्हटलं आणि बजाज त्याचा चेहरा ठरले. कालपर्यंत सरकारी बंधनांवर टीका करणाऱ्यांनी आज संरक्षण मागावं, ही विसंगती होतीच. तरी त्यांच्या बोलण्यात तथ्यही होतं. देशी उद्योजकाला भांडवल महाग मिळत होतं आणि जुनी बंधनं एका रात्रीत सुटलेली नव्हती. शेवटी निकाल बाजाराने दिला. हीरो होंडाने बजाजला मागे टाकलं. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणून मोटारसायकलींत जम बसवला. २००९ च्या अखेरीस मुलगा राजीव यांनी स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा आपल्याला वाईट वाटल्याचं राहुल बजाज यांनी उघडपणे सांगितलं. त्या वेळी ते राज्यसभेचे सदस्य होते.

ते तिथे पोचले कसे, हे बघायला हवं. मे २००६ मध्ये प्रमोद महाजन यांचं निधन झालं आणि एक जागा रिकामी झाली. बजाज अपक्ष उभे राहिले. राष्ट्रवादी काँग्रेस, भाजप आणि शिवसेना या तिघांनी त्यांना पाठिंबा दिला आणि काँग्रेसचे अविनाश पांडे हरले. राज्यात तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं एकत्र सरकार होतं. म्हणजे सत्तेतला एक भागीदार दुसऱ्या भागीदाराविरुद्ध विरोधकांच्या जोडीने उभा राहिला. शरद पवारांशी बजाज यांचा जुना स्नेह होता. जागा एकच असल्याने निम्म्याहून जास्त मतं हवी होती आणि ती देणारे होते फक्त आमदार. वाळूजच्या कामगाराला, सिल्लोडच्या शेतकऱ्याला या निवडणुकीत मत नव्हतं.

अमेरिकेतही एके काळी असंच होतं. सेनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत. मॉन्टाना राज्यातल्या तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क १८९९ मध्ये असेच निवडून आले. आमदारांना लाच दिल्याचे आरोप झाले, सेनेटच्या समितीने चौकशी केली आणि १९०० मध्ये क्लार्क यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. अशा प्रकरणांचा वीट येऊन अमेरिकेने १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती केली आणि सेनेटर थेट जनतेतून निवडले जाऊ लागले. त्याने श्रीमंत थांबले नाहीत. गोल्डवॉटर आले, अलीकडे मिट रॉम्नी, रिक स्कॉट आले. पण त्यांना गावोगाव फिरून लोकांपुढे आपल्या धंद्याचा हिशेब मांडावा लागला. रॉम्नी यांच्या गुंतवणूक कंपनीमुळे कुणाच्या नोकऱ्या गेल्या, हा प्रश्न भर प्रचारात विचारला गेला.

आपण दुसरी वाट धरली. २००३ मध्ये कायदा बदलून राज्यसभेसाठी खुलं मतदान आणलं. आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही तेव्हाच गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोन्ही बदल वैध ठरवले. घोडेबाजाराला आळा बसावा हा हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की उमेदवाराचं भवितव्य पक्षनेतृत्वाच्या हातात अधिकच गेलं. सहा जागा असल्या तर महाराष्ट्रात ४२ मतांनी एक खासदार ठरतो. ही मतं ज्याच्या खिशात, तो ठरवेल तो खासदार.

औरंगाबादचं स्वतःचं उदाहरण राजकुमार धूत यांचं आहे. नंदलाल धूत यांच्या कुटुंबाने व्हिडिओकॉन हे नाव उभं केलं. पैठण रस्त्यावर चितेगावच्या कारखान्यातून रंगीत टीव्ही बाहेर पडू लागले, तेव्हा मराठवाड्याला त्याचा खरा अभिमान वाटला होता. राजकुमार २००२ ते २०२० अशा सलग तीन मुदती शिवसेनेचे राज्यसभा खासदार होते. असोचॅम या उद्योगसंघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. बाळासाहेब ठाकरे यांनी १९८८ पासून या शहरात रुजवलेला पक्ष हिंदुत्वाचा, रस्त्यावर उतरणारा. त्या पक्षाला दिल्लीत उद्योगाची भाषा बोलणारा माणूस हवासा वाटावा, यात नवल नाही. पण ही अठरा वर्षं या जिल्ह्याच्या चर्चेत फारशी आली नाहीत. लोकसभेच्या खासदाराला प्रत्येक गणपती मंडळात रस्त्यांवरून जाब विचारला जातो. अजिंठ्याचा रस्ता वर्षानुवर्षं रुंदीकरणात रखडला तेव्हा राज्यसभेच्या सदस्याचं नाव घ्यायचं कुणाला सुचलं नाही. हा दोष एका व्यक्तीचा नाही, राज्यसभेत जाण्याच्या त्या दाराचा आहे. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि चितेगावच्या कामगारांवर संकट कोसळलं. २०२० मध्ये शिवसेनेने ती जागा मुंबईच्या प्रियंका चतुर्वेदी यांना दिली. पक्षाचे इथले नेते चंद्रकांत खैरे यांनी नाराजी बोलून दाखवली, आणि जागा शहराबाहेर गेली ती पक्षाच्या एका निर्णयाने.

नियम नाहीत असं नाही. राज्यसभेची आचारसमिती १९९७ पासून आहे. नियम २९३ प्रमाणे सदस्याने पाच प्रकारचे आर्थिक हितसंबंध नोंदवायचे असतात: मोबदला मिळणारं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीतला नियंत्रण ठेवण्याइतका हिस्सा, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. चांगली सोय आहे. पण मराठवाड्यातल्या उद्योगाचे हितसंबंध भागभांडवलात संपत नाहीत. सवलत, जमीन आणि पाणी कुठल्या रकान्यात लिहायचं? एप्रिल २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी निम्मी आणि पुढे ६० टक्के कपात करायला लावली, इतर उद्योगांचं पाणीही कमी झालं. माणसाला आधी की यंत्राला आधी, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी मोकळेपणी सोडवायला हवा होता. तो न्यायालयात गेला.

कारखानदार सभागृहात नकोच, असा याचा अर्थ नाही. पगाराच्या तारखेला गल्ल्यात पैसा नसणं काय असतं, हे ठाऊक असलेली माणसं कायदे करताना हवीतच. आणि पैसा निर्भयही करू शकतो. १९७४ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष निक्सन यांना, महाभियोगातून वाचण्याइतकी मतं आता तुमच्यामागे सेनेटमध्ये उरली नाहीत, हे त्यांच्याच पक्षाच्या गोल्डवॉटर यांनी तोंडावर सांगितलं. दोनच दिवसांत निक्सन पायउतार झाले.

राहुल बजाज यांच्या वाट्याला असा प्रसंग ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईत आला. एका वृत्तपत्राचा पुरस्कार सोहळा, व्यासपीठावर अमित शहा, निर्मला सीतारामन, पीयूष गोयल. ८१ वर्षांचे बजाज उभे राहिले आणि म्हणाले की उद्योगपती तुमच्यावर टीका करायला घाबरतात, तुम्ही ती चांगल्या मनाने घ्याल असा विश्वास त्यांना वाटत नाही, आणि माझ्या मित्रांपैकी कुणी हे बोलणार नाही. घाबरण्याचं कारण नाही, तसं वातावरण असेल तर आम्ही ते सुधारू, असं शहांनी उत्तर दिलं. सभागृहात देशभरातले बडे उद्योगपती बसले होते. बजाज यांची राज्यसभेची मुदत संपून तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आणि त्या संध्याकाळी बोलायला त्यांना आमदारांच्या मतांची गरज लागली नाही. १२ फेब्रुवारी २०२२ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्या जूनमध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी महाराष्ट्राने कित्येक वर्षांनी प्रत्यक्ष मतदान पाहिलं, आमदार हॉटेलांत नेऊन ठेवले गेले, आणि वाळूजच्या पहिल्या पाळीत जाणाऱ्या कामगाराला त्यातलं काहीही विचारलं गेलं नाही.