दर्शनासाठी कोणती जागा?

देवाच्या दर्शनासाठी सगळ्यात चांगली जागा कोणती, हा प्रश्न वरवर व्यवस्थेचा वाटतो. रांग कुठून सुरू होते, पास कुठे मिळतो, आरतीला कुठे उभे राहिले म्हणजे मूर्ती नीट दिसते, एवढाच त्याचा आवाका असावा असे वाटते. त्याच्या पोटात मात्र दोन जुने तात्त्विक प्रश्न दडलेले आहेत. जवळ असणे म्हणजे अधिक दिसणे का? आणि देव सर्वत्र असेल, तर गाभाऱ्यातली चार फूट जागा बाहेरच्या अंगणापेक्षा मोलाची कशी ठरते? अहिल्यानगर जिल्ह्यात हे प्रश्न पुस्तकात राहत नाहीत. शिर्डी, शनिशिंगणापूर आणि नेवासे ही तिन्ही ठिकाणे याच जिल्ह्यातली, आणि तिथे त्यांना मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

मराठी मुलखात दर्शनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकले तर ते पदस्पर्शदर्शन, थोड्या अंतरावरून मूर्ती पाहिली तर मुखदर्शन, आणि आषाढीच्या गर्दीत यातले काहीच जमले नाही तर शिखराकडे पाहून हात जोडायचे, ते कळसदर्शन. कळसाला हात जोडून माघारी फिरणारा वारकरी वारी अपुरी राहिली असे मानत नाही. या पायऱ्यांत एक गंमत आहे. सर्वात वरची मानली जाणारी पायरी पाहण्याची नाहीच. पायांवर डोके ठेवलेल्या माणसाला देवाचा चेहरा दिसत नाही. तो दिसतो दहा हात मागे उभ्या असलेल्याला. म्हणजे रांगेतले सगळे पुढे सरकत असतात ते बहुतेक वेळा स्पर्शासाठी, सान्निध्यासाठी, किंवा देवाची नजर आपल्यावर पडावी यासाठी. पाहणे हा त्यातला एक भाग, आणि तोही नेहमी पहिला नव्हे.

पाहण्यापुरता विचार करायचा तर ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली सातवी कारिका उपयोगी पडते. समोर असलेली वस्तू का दिसत नाही याची आठ कारणे तिथे एकत्र दिली आहेत: ती फार दूर असते, फार जवळ असते, इंद्रिय अधू असते, मन ठिकाणावर नसते, वस्तू अतिसूक्ष्म असते, मध्ये काही आड येते, दुसऱ्या प्रखर वस्तूपुढे ती झाकोळते, किंवा सारख्याच वस्तूंत मिसळून जाते. टीकाकारांनी उंच उडालेला पक्षी दूरपणासाठी दिला आहे आणि डोळ्यातले काजळ जवळपणासाठी. कारिकाकाराच्या मनात देवळाची रांग नव्हती. प्रकृती दिसत नाही म्हणून ती नाहीच असे म्हणता येत नाही, एवढे पुढच्या कारिकेत सिद्ध करण्यासाठी त्याने ही यादी केली. तरी शिर्डीच्या समाधी मंदिरात ती जशीच्या तशी लागू पडते. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली आणि १९५४ मध्ये बसवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती सभामंडपाच्या मागच्या भागातूनही स्पष्ट दिसते. रांगेतून पुढे गेलेल्याला ती फार थोडा वेळ समोर मिळते, आणि तेवढ्यात पाकीट सांभाळायचे असते, मुलाला उचलून धरायचे असते, मागून ‘चला, पुढे चला’ ऐकू येत असते. अंतर सर्वात कमी होते त्याच क्षणी मन सर्वात जास्त पांगलेले असते. आठ कारणांपैकी अंतराची दोनच आहेत आणि ती परस्परांविरुद्ध ओढतात, हे लक्षात घेतले तर ‘जितके जवळ तितके चांगले’ या हिशेबाचा पाया ठिसूळ ठरतो.

प्रेक्षकाच्या जागेचा विचार आपल्याकडे धर्माबाहेरही झाला आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे मध्यम प्रेक्षागृह माणसांसाठी योग्य म्हटले आहे, कारण त्याहून मोठ्या जागेत संवाद अस्पष्ट होतात आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव हरवतात. मागच्यालाही दिसावे म्हणून बैठका पायऱ्यांसारख्या चढत्या रचाव्यात असेही सांगितले आहे. त्याच अध्यायात चार वर्णांच्या नावाचे चार खांबही आहेत. दिसावे कसे आणि बसावे कोणी, हे दोन हिशेब इतक्या जुन्या काळापासून एकाच आराखड्यात मिसळत आले आहेत. आजच्या बास्केटबॉलच्या सामन्यातही ते वेगळे झालेले नाहीत. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदानाच्या अगदी कडेची खुर्ची सर्वात महाग असते. तिथून खेळाडूचा घाम दिसतो, बुटांचा आवाज ऐकू येतो. पण दहाही खेळाडूंची मांडणी काही रांगा वर बसलेल्यालाच कळते. कडेच्या खुर्चीचे पैसे दृश्यापेक्षा सान्निध्याचे असतात.

एकाच जागेवरून सारे दिसत नाही, हे कुस्तीने आधीच ओळखले आहे. गादीवरच्या लढतीत एक पंच मल्लांच्या जवळ फिरतो, दुसरा कडेला बसतो, आणि त्या दोघांवर गादीप्रमुख असतो. दोन्ही खांदे टेकले की नाही, हे कोणत्याही एका जागेवरून नेहमी दिसत नाही, म्हणून ही तीन जागांची सोय. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीच्या निकालावरून मोठा वाद झालाच.

जवळपणाचा दावा सर्वात कसून तपासला गेला आहे तो नेवाशात सांगितल्या गेलेल्या ग्रंथात. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवर टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे परंपरा मानते तो पैस खांब आजही दाखवला जातो. गीतेच्या अकराव्या अध्यायातला प्रसंग जागेच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अर्जुन रथात आहे, कृष्ण हाताच्या अंतरावर सारथ्य करतो आहे, यापेक्षा जवळची जागा असूच शकत नाही. तरीही विश्वरूप त्याला दिसत नाही. त्यासाठी वेगळी दृष्टी द्यावी लागते. ती मिळाल्यावर तो घाबरतो आणि हे रूप आवरून नेहमीचे सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो. त्याच रणांगणावर उभ्या असलेल्या दोन्ही सैन्यांना यातले काही दिसत नाही. संजयाला मात्र व्यासांच्या कृपेने सारे दिसते, आणि तो ते धृतराष्ट्राला सांगतो.

धृतराष्ट्राची बाजू सहसा विसरली जाते. भीष्मपर्वात व्यास आधी त्यालाच दृष्टी देऊ करतात. स्वकीयांचा संहार डोळ्यांनी पाहायला नको म्हणून तो नकार देतो आणि ऐकण्यावर समाधान मानतो. जागा मिळणे, दिसणे आणि पाहण्याची तयारी असणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि महाभारताने त्या तीन माणसांत वाटून दिल्या आहेत. अर्जुनाकडे जागा होती, संजयाकडे दृष्टी होती, आणि धृतराष्ट्राकडे दोन्ही मिळण्याची शक्यता असताना तयारी नव्हती.

शनिशिंगणापुरात प्रश्न उलटा होतो. नेवासे तालुक्यातल्या या गावी शनीला देऊळ नाही, छप्पर नाही. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा उभी आहे. शनीची नजर पडू नये अशी भावना सर्वदूर आहे. शनीने पाहिल्यामुळे बाळ गणेशाचे मस्तक गेले, अशी कथा ब्रह्मवैवर्त पुराणात येते, आणि शनीच्या देवळात अनेक भाविक अगदी समोर न उभे राहता थोडे बाजूला उभे राहतात. दर्शन दुतर्फी असते, भक्त पाहतो तसा देवही पाहतो, हे मान्य केले की ‘चांगली जागा’ देवाच्या स्वभावावर अवलंबून राहते. विठ्ठलाच्या नजरेत राहायचे असते, शनीच्या नजरेच्या कडेला.

याच भावनेचा आधार घेऊन स्त्रियांना चौथऱ्यापासून दूर ठेवले गेले. शनीच्या प्रभावाने त्यांना अपाय होईल, असा युक्तिवाद होता. ज्यांचे रक्षण करायचे त्यांना मात्र विचारलेले नव्हते. २००० मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आदींनी या बंदीविरुद्ध सत्याग्रह केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि त्यानंतर शुद्धीकरण करण्यात आले. २६ जानेवारी २०१६ रोजी शिंगणापूरकडे निघालेल्या महिला कार्यकर्त्यांना सुपे येथे अडवले गेले. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने देवस्थानात प्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले आणि १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा सर्वांना खुला झाला.

या वादात एक वाक्य सहज वापरले गेले: देव सगळीकडे आहे, मग चौथऱ्यावर जाण्याचा हट्ट कशाला? वाक्य खोटे नाही. पण ते कोण म्हणतो यावर त्याचा अर्थ बदलतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याला पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता. त्याची समाधी महाद्वारासमोर आहे. बाहेरून केलेली त्याची भक्ती आत उभ्या असलेल्यांपेक्षा कमी नव्हती, हे वारकरी संप्रदाय अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. मात्र त्याच्या भक्तीची थोरवी दार बंद ठेवण्याच्या समर्थनार्थ वापरता येत नाही, आणि साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात केलेले उपोषण याच मुद्द्यावर उभे होते. कळसाला हात जोडून परतणारा वारकरी दूर राहतो. चोखामेळ्याला दूर ठेवले गेले. अंतर तेवढेच असेल, पण पहिल्याला धार्मिक अर्थ आहे आणि दुसऱ्याला फक्त सामाजिक.

शिर्डीत अंतराला किंमत लागते. तिथे मोफत रांगेबरोबर सशुल्क दर्शनाची आणि आरतीच्या पासची सोय आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे दर्शनरांग संकुल सुरू झाल्यापासून वाट पाहणाऱ्यांना बसण्याची जागाही आहे. सशुल्क दर्शनाच्या बाजूने सांगण्यासारखे काही आहे. संस्थान प्रसादालय आणि रुग्णालये चालवते, त्याला पैसा लागतो. पण हा पैसा दानपेटीतूनही येतो, आणि पेटीत दान टाकणारा त्या बदल्यात कुणाच्या पुढे जात नाही. पास विकत घेणारा जातो. त्याने घेतलेला वेळ मोफत रांगेतल्यांच्या वाट्यातून कापला जातो, हे पावतीवर लिहिलेले नसते. शिवाय द्वारकामाईत धुनीजवळ बसणारे बाबा लोकांकडून दक्षिणा मागत आणि ती संध्याकाळपर्यंत वाटून टाकत, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांच्या नावाच्या जागी पैशाने जवळीक ठरावी हे अधिक खटकते.

सर्वोच्च न्यायालयापुढे जानेवारी २०२५ मध्ये देवस्थानांतल्या अशा विशेष दर्शनाविरुद्धची याचिका आली. अशी खास वागणूक दिली जाऊ नये असे मत खंडपीठाने बोलून दाखवले, पण आदेश देण्यास नकार दिला आणि विषय देवस्थानांवर व शासनावर सोडला. त्यामुळे निर्णय पुन्हा विश्वस्तांकडेच येतो. रांगेत पुढे घेण्याची कारणे त्यांना वेगवेगळी तपासता येतात. वृद्ध, अपंग आणि तान्ही मुले घेऊन आलेले यांना वेगळ्या दाराने सोडणे हे गरजेवर आधारलेले आहे, आणि त्याबद्दल रांगेतला कुणी कुरकुर करत नाही. पद आणि पैसा यांच्या जोरावर दिलेल्या वाटेबद्दल तसे म्हणता येत नाही, मग ती पावती फाडून दिलेली असो वा फोनवरून.