पायी चालणाऱ्याचा वाटा

कोथरूडकडे जाणाऱ्या प्रमुख रस्त्याला ज्यांचे नाव दिले आहे, ते महर्षी धोंडो केशव कर्वे पायी चालणारे होते. १९०० साली त्यांनी विधवांसाठी काढलेला आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला हलविला. दिवसा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे, मग हिंगण्याची वाट धरावी, पावसाळ्यात चिखल तुडवावा, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. आज कर्वे रस्त्यावर तो चिखल नाही. पदपथ आहे, परंतु त्या पदपथावर लावलेली दुचाकी आहे, दुकानाचा फलक आहे, विजेची पेटी आहे, उखडलेली फरशी आहे. सत्तरीचा गृहस्थ अशा प्रत्येक अडथळ्यापाशी वाहनांच्या गर्दीत उतरतो आणि पुन्हा वर चढतो. हे उतरणे-चढणे केवळ महानगरपालिकेच्या कारभाराचा विषय आहे, की आपल्या नीतीचाही?

प्रश्न प्राणांचा आहे. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे साधारणतः पाचांतील एक. अपघात झाला की वाहनचालकावर गुन्हा नोंदला जातो. परंतु ज्याच्या वाहनामुळे वा फलकामुळे तो पादचारी रस्त्यावर उतरला, त्याचे नाव कोठेच येत नाही. तो तर केवळ ‘दोन मिनिटांसाठी’ थांबला होता. त्याने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते.

येथेच नीतिविचाराची कसोटी लागते. नीतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत लहान लहान चोऱ्यांविषयी एक प्रश्न येतो. प्रत्येक चोरी क्षुल्लक, पण त्यांची बेरीज मोठी. अशा वेळी ती रक्कम परत करण्याचे गंभीर बंधन असते काय? नसते, असे म्हणणारे मत अकरावे इनोसंट ह्या पोपमहोदयांनी १६७९ साली त्याज्य ठरविले. आपल्या पदपथांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे चोर एक नसून अनेक आहेत आणि प्रत्येकाने घेतलेला तुकडा हातभर आहे. पण ज्याचे हरण होते, त्याच्या दृष्टीने फरक तो कोणता? त्याची संपूर्ण वाट गेलेली असते. ‘सगळेच करतात’ ह्या वाक्याने दोष नाहीसा होत नाही. तो फक्त वाटून घेतला जातो. आणि त्या ग्रंथांचा दुसरा धडा अधिक कठीण आहे. घेतलेल्या वस्तूबद्दल वाईट वाटणे पुरेसे नसते. ती वस्तू परत करावी लागते.

कोणी म्हणेल, मग भाजी विकणाऱ्या बाईनेही टोपली उचलावी काय? हा आक्षेप टाळून चालणार नाही. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्वेध पदपथ हाही पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्कात मोडतो, असे म्हटले. दोन्ही हक्क एकाच मुळातून आले आहेत. म्हणूनच २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांना ठरावीक जागा देण्याची जबाबदारी नगरसंस्थांवर टाकली आहे. टोपलीच्या बाजूने गरज बोलते. दाराशीच गाडी लावण्याच्या हट्टाच्या बाजूने केवळ सोय. गरज आणि सोय एकाच तराजूत घालणे हा अन्याय आहे. तरीही टोपली उचलणे सोपे वाटते आणि मोटारीला हात लावणे अवघड, ह्याचे कारण न्यायात नसून आपल्या भीडेत आहे.

पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिनही साजरा झाला. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे भारतीय रस्ते परिषदेचे निकष सांगतात. दुखऱ्या गुडघ्यांना ह्या आकड्यांचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. ६ मार्च २०२२ पासून वनाझहून मेट्रो धावू लागली. पण स्थानकाचा जिना उतरला की तिचा प्रत्येक प्रवासी पादचारीच होतो.

कोथरूडच्या जुन्या वसाहतींत आज बंगल्यांच्या आणि तीन मजली सोसायट्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. बांधकामाची वाळू आणि सळया पदपथावर पडतात. पुढे तेथूनच वाहनांसाठी उतार काढला जातो. पुनर्विकासाच्या सभेत प्रत्येकाला किती चौरस फूट अधिक मिळणार, ह्याची बारकाईने चर्चा होते. भिंतीबाहेरून चालणाऱ्याचा वाटा किती, हे विचारणारा एक तरी सभासद तेथे असावा. गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांत तर पदपथाला जागाच नाही. तेथे सगळी गल्लीच चालणाऱ्याची मानून वाहनाने त्याच्या गतीने जावे, हाच न्याय.

परतफेडीचा आरंभ आपल्या अंगणापासून व्हावा. रविवारी मिस्साच्या वेळी चर्चबाहेरचा पदपथ कोणाच्या ताब्यात असतो, हे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. गाडी दोनशे पावले दूर, रीतसर जागी लावून मुलांचा हात धरून चालत यावे. जे वयोवृद्ध वा आजारी आहेत, त्यांना दाराशी उतरवून गाडी पुढे न्यावी. त्या तासाभरात काठी टेकीत जाणारा शेजारी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, रस्त्यावर न उतरता पुढे जाऊ शकला, तर त्याचे जे होते ते त्याला परत मिळाले, एवढेच म्हणावयाचे. त्यात उपकार कसलाच नाही.