कोळ्याचीं पिलें आणि माझी अहिंसा

एखाद्या प्राण्याला पाळणें म्हणजे त्याच्यावर प्रेम करणें, ही समजूत आपल्यांत इतकी रुळलेली आहे कीं, तिची शहानिशा करण्याचें आपल्याला कारणच पडत नाहीं. कुत्रें शेपटी हालवितें, मांजर पायांत घोटाळतें, पोपट निदान शीळ तरी घालतो. आणि आपण दिलेलें प्रेम व्याजासह परत आलें अशी आपली खात्री पटते. परंतु आपल्याला कोणी पाळीत आहे हेंच ज्याला उमगणें शक्य नाहीं, अशा जीवाविषयीं आपलें कर्तव्य काय? हा प्रश्न माझ्यापुढें इंग्लंडांत उभा राहिला, आणि तोहि एका कोळ्याच्या पिलाच्या निमित्तानें.

लेस्टर येथें भाच्याकडे मी दोन महिने राहिलों होतों. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा टॅरंटुला कोळी पाळतो. हें नांव इटलींतील तारांतो शहरावरून आलें; पण तारांतोचा मूळचा कोळी निराळ्याच कुळांतला. युरोपांतले लोक अमेरिकेंत गेले आणि तेथील थोराड, केसाळ कोळ्यांना त्यांनीं तेंच नांव देऊन टाकलें. नातवापाशीं होतीं तीं मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याकडील तांबड्या गुडघ्यांच्या जातीचीं चार पिलें. हीं वाढलीं कीं तळहाताएवढीं होतात, आणि मादी वीस वर्षांहून अधिक जगूं शकते. पण त्या वेळीं त्यांतील कोणतेंहि मुगाच्या दाण्यावर सहज मावलें असतें. प्रत्येकाची निराळी डबी, कारण एकत्र ठेवल्यास तीं एकमेकांस खातात. डबीच्या झांकणाला सुईचीं भोंकें, आंत दोन बोटें नारळाच्या काथ्याचा भुगा. तो पाहून मला घरची आठवण झाली. भुग्याचा एक कोपरा ओला, बाकीचा कोरडा. कारण फार ओल झाली तर बुरशी धरते, आणि अगदीं कोरडें पडलें तर तो इवलासा देह सुकून जातो. पिलाला हातावर घ्यावयाचें नाहीं, कारण पडलें तर त्याला इजा होऊं शकते.

थोडक्यांत, या पालनांत करण्यासारखें फारच थोडें आणि न करण्यासारखें पुष्कळ. विशेषतः कात टाकण्याच्या वेळीं. त्या आधीं कांहीं दिवस पिलू अन्न सोडतें, त्याचें पोट काळसर व तकतकीत दिसूं लागतें, आणि पुष्कळदां तें आपल्या बिळाचें तोंड मातीनें व जाळ्यानें बंद करून घेतें. मग तें उताणें पडतें. नवख्या माणसाला वाटावें कीं संपलें! मीहि घाबरून एकदां डबी उचलली होती, तेव्हां नातवानें माझा हात धरला. तासन् तास तो जीव जुन्या देहांतून नवा देह ओढून काढीत असतो. नुसती त्वचाच नव्हे, दांत आणि पोटाच्या आंतलें अस्तरहि त्या कातीबरोबर निघतें. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत पुन्हां येतो. मात्र बाहेर आलेलें पिलू अगदीं मऊ असतें; त्याचे दांत पांढरे व कोंवळे असतात, आणि ते कठीण होईपर्यंत त्याला कोणीहि मारूं शकतें. त्याचें भक्ष्यसुद्धां.

भक्ष्य म्हणजे रातकिडे. ते दुकानांत डबीनें विकत मिळतात. पिलांना ते जिवंत देऊं नयेत, अगोदर डोकें चिमटून मग टाकावे, हा नातवाचा नियम. मेलेलें भक्ष्यहि पिलें खातात, आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशीं काढून टाकतां येतो. घरचीं मंडळी आठ दिवस स्कॉटलंडला गेलीं तेव्हां हा नियम त्यानें मला दोनदां सांगितला आणि एक चिमटा माझ्या हातीं दिला.

मी चिमटा घेऊन रातकिड्यांच्या डबीपुढें बसलों. आमची आजी माळकरी. पिठांत मुंगी निघाली तर ती पिसानें उचलून अंगणांत सोडणारी. तिच्या हाताखालीं वाढलेल्या मला तें डोकें चिमटवेना. मग मीं एक युक्तिवाद केला. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविणाऱ्याला युक्तिवादाची वाण कधींच पडत नाहीं. कोळ्यानें किडा मारणें हा सृष्टिक्रम आहे. मीं मारणें ही हिंसा आहे. तस्मात् किडा जिवंतच सोडावा. चारहि डब्यांत मीं एकेक रातकिडा सोडला आणि हात धुतले.

तिघांनीं आपापला किडा मारला. चौथें पिलू कात टाकण्याच्या बेतांत होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्याची अर्धी निघालेली कात भुग्यावर पडलेली होती, आणि रातकिडा तिच्याजवळ बसून आंतल्या मऊ देहाचा उरलेला भाग खात होता.

नातू परत आला तेव्हां मीं सर्व सांगितलें. तो रागावला नाहीं. डबी उजेडांत धरून त्यानें पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "आजोबा, डोकं चिमटलं नव्हतंत का?"

त्या प्रश्नाला मीं अद्याप स्वतःशींहि समाधानकारक उत्तर दिलेलें नाहीं. माझा हात निष्पाप राहावा ही इच्छा मला त्या वेळीं अहिंसा वाटली. पण तींत किड्याचा जीव वाचविण्याचा प्रश्न कोठें होता? तो कोळ्याच्या तोंडीं जावा हाच तर हेतु होता. वांचवावयाचा होता तो फक्त मी. शिबिराजाची कथा आपण दयेची म्हणून मुलांना सांगतों. पण तींतील कठीण भाग कबुतराचा नाहीं, ससाण्याचा आहे. ससाण्याला राजानें धान्य खाण्याचा उपदेश केला नाहीं. त्याची भूक खरी आहे आणि ती मांसाचीच आहे हें त्यानें मान्य केलें, आणि मग तराजू मागविला. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत असाध्य वेदनांनीं तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनीं टोचून मृत्यु देवविला, तेव्हां अहिंसेच्या अभिमान्यांनीं मोठें काहूर उठविलें. त्यांतील पुष्कळांचे हात माझ्यासारखेच स्वच्छ असतील.

यावर कोणी म्हणेल, असले प्राणी पाळावेच कशाला? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि मी त्यापुढें मान लववितों. शौकासाठीं मेक्सिकोच्या रानांतून हे कोळी इतके उपसले गेले कीं, १९८५ सालीं त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालावें लागलें. परंतु नातवाचीं पिलें तेथून आणलेलीं नव्हतीं, इंग्लंडांतच कोणाच्या तरी घरीं अंड्यांतून निघालेलीं होतीं. त्यांना लेस्टरच्या थंडींत बाहेर सोडणें म्हणजे मारणेंच होय. पाळूं नये, हा उपदेश पहिल्या दिवशीं उपयोगी. जीव एकदां घरांत आल्यावर तो उपदेश त्याच्या पोटांत पडत नाहीं. आणि ज्याच्या ओंजळीएवढ्या जगांतील ओल, ऊब व अन्न सारें माझ्याच हातीं आहे, त्याच्या डबींत मीं सोडलेल्या किड्याला सृष्टिक्रम म्हणणें ही शुद्ध लबाडी होती. त्या मूठभर काथ्यांत सृष्टि मीच होतों. मोकळ्या रानांत पिलानें दार लावून घेतलें असतें, तर किडा आपल्या वाटेनें गेला असता. येथें त्याला जावयास वाटच नव्हती.

तरीहि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नातू रातकिड्याचें डोकें चिमटतो तें पाहून मला बरें वाटत नसे, आणि अजूनहि वाटत नाहीं. हा तिटकारा माझ्यांतून जावा अशी माझी इच्छाहि नाहीं. तेरा वर्षांच्या मुलाला तें इतकें सहज करतां यावें कीं नाहीं, याबद्दल माझा व भाच्याचा एक संध्याकाळभर वाद झाला. तो मिटला नाहीं.

मी निघण्याच्या आदल्या दिवशीं पिलांना अन्न देण्याचा वार होता. नातवानें कांहीं न बोलतां चिमटा माझ्यापुढें ठेवला. तीन रातकिडे मीं माझ्या हातानें मारले. डोकें गेल्यावरहि त्यांचे पाय बराच वेळ हालत होते. दोन पिलांनीं तुकडे ओढून नेले. तिसऱ्यानें बिळाचें तोंड बंद केलेलें होतें. त्याचा तुकडा दुसऱ्या दिवशीं काढावयाचा, असें नातवानें कागदावर लिहून डबीला चिकटविलें.