मृगया आणि लोकसेवा

किरात आणि अर्जुन यांचें युद्ध एका रानडुकरावरून जुंपलें, ही कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. दोघांचे बाण एकाच वेळीं सुटले आणि शिकार कोणाची, असा वाद उपस्थित झाला. तें डुक्कर मारावें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र दोघांपैकीं कोणींच काढला नाहीं. कारण तें डुक्कर म्हणजे मूक नांवाचा दैत्य, आणि दैत्याचा वध हें पुण्यकृत्य ठरलेलेंच. शत्रु एकदां दैत्य ठरला म्हणजे शिकारीची हौस आणि धर्मकृत्य हीं एकरूप झालींसें वाटतें. तीं खरोखर एकरूप असतात काय, हा प्रश्न अमेरिकेंतील सार्वजनिक अरण्यांनीं आज फार स्पष्टपणें पुढें मांडिला आहे.

अमेरिकेच्या भूमींत डुक्कर मूळचें नव्हे. १५३९ सालीं हेर्नान्दो द सोतो हा स्पॅनिश सेनानी फ्लॉरिडांत उतरला, तेव्हां सैन्याच्या पोटासाठीं त्यानें डुकरें बरोबर आणिलीं होतीं. पुढील वसाहतवाल्यांनीं आपलीं डुकरें रानांत मोकळीं चरावयास सोडण्याचा परिपाठ ठेविला. त्यांतलीं कित्येक परत आलींच नाहींत. १९१२ सालीं तर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत केवळ शिकारीच्या हौसेपायीं युरोपांतील अस्सल रानडुकरें आणून कुंपणांत ठेवण्यांत आलीं, आणि कालांतरानें तींही कुंपणाबाहेर पळालीं. या सर्वांची मिश्र प्रजा आज शेतें उकरते, झरे गढूळ करते आणि जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं फस्त करते. मादी वर्षाची होण्यापूर्वींच विऊं शकते व एका वेळीं चारसहा पिलें देते. तेव्हां या प्रजेस उपद्रव म्हणणें मुळींच अन्यायाचें नाहीं.

त्या देशांत विस्तीर्ण राष्ट्रीय अरण्यें सर्व नागरिकांच्या मालकीचीं समजतात. परवाना काढून आणि त्या त्या राज्याचे नियम पाळून सामान्य मनुष्यासही तेथें शिकारीस जातां येतें. आपल्याकडे शिकार ही राजेरजवाड्यांची व साहेबलोकांची मिरास होती, हें आठवलें म्हणजे या व्यवस्थेंतील समता मनास भावते. शिवाय डुक्कर शोधणें ही एक विद्याच आहे. ताजी उकरलेली माती, लोळण्याचीं चिखलाचीं डबकीं, अंग घासल्यामुळें चिखल माखलेले बुंधे, ओकच्या झाडाखालीं पडलेलीं फळें, या खुणा वाचीत आणि वाऱ्याची दिशा सांभाळीत पहाटे किंवा तिन्हीसांजेला दबकत चालावें लागतें. मनूनें मृगयेस राजाच्या व्यसनांत गणिलें हें खरें. पण तिच्यामुळें शरीरास व्यायाम घडतो व प्राण्यांच्या चित्ताचें ज्ञान होतें, हें कौटिल्यानें नमूद केलें आहे.

अशा शिकाऱ्यास विचारावें, तर तो म्हणेल, "मी उपद्रव नाहींसा करतों, ही लोकसेवाच आहे." वरवर पाहतां हें उत्तर बिनतोड वाटतें. पण कॅन्सस राज्यानें २००६ सालीं रानडुकरांच्या हौशी शिकारीस बंदी घातली, आणि मिसूरी राज्याच्या वन्यजीव-खात्यानें २०१६ सालीं आपल्या ताब्यांतील भूमीवर तसेंच केलें. तेंही डुकरांची दया येऊन नव्हे, तर त्यांचा समूळ नायनाट करतां यावा म्हणून! बंदूक वाजली कीं एकदोन डुकरें पडतात, उरलेला कळप चौफेर पांगतो, आणि वांचलेलीं अधिक सावध होतात. याहून लाजिरवाणी गोष्ट ही कीं, पुढेंही शिकार मिळावी म्हणून कांहींनीं डुकरें नव्या रानांत नेऊन सोडलीं. ज्याचा वध हें पुण्य, त्या दैत्याचीच ही लागवड झाली.

कर्तव्यांत आनंद वाटूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. शिक्षकाला शिकविण्यांत सुख असतें आणि वैद्याला रोग बरा करण्यांत. पण विद्यार्थी आपल्यावांचून वाचूं लागला, रोगी औषधावांचून हिंडूं लागला, म्हणजे त्यांचें सुख वाढतें. आपल्या कामाचा शेवट व्हावा, ही इच्छा हीच सेवेची खूण होय. रोग टिकला तरच ज्याचें सुख टिकतें, त्याला वैद्य कोण म्हणेल ? आपल्या कोंकणांतला शेतकरी रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवतो, तेव्हां पुढल्या वर्षीं डुक्कर मिळेल कीं नाहीं ही चिंता त्याच्या मनास शिवत नाहीं. तें कधींच येऊं नये, एवढेंच त्याचें मागणें असतें.

मग मांसासाठीं व मौजेसाठीं शिकार करणारा मनुष्य दोषीच काय, असें कोणी विचारील. तो मौजेला मौज म्हणेल, जनावर तडफडत राहणार नाहीं अशी खात्री असेल तेव्हांच बंदूक उचलील आणि मांस वाया दवडणार नाहीं, तर त्याच्याशीं माझें भांडण नाहीं. अहिंसेपुढें त्याला वेगळा जाब द्यावा लागेल. पण असत्याचा दोष त्याला लागणार नाहीं. हौसेला सेवेचें नांव दिलें म्हणजे मात्र तो लागतो.

मिसूरींत डुकरें धरणारे लोक मक्याचे दाणे टाकून दिवसचे दिवस वाट पाहतात, आणि सबंध कळप आंत येईपर्यंत पिंजऱ्याचें दार पाडीत नाहींत. या कामांत पराक्रम नाहीं. मौज तर नाहींच. माणसानेंच जीं डुकरें समुद्रापलीकडून आणिलीं, त्यांचा जीव घेण्याचें अप्रिय काम आतां माणसाच्याच वांट्यास आलें आहे. तें करणाऱ्यानें तें लवकर संपावें एवढीच इच्छा बाळगावी.