मारण्याची गरज कोणी ठरवायची?



आमच्या ट्रॉम्ब्याहून घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर फार दूर नाही. ११ जुलै १९९७ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात आपली १० माणसे गेली. वर्गात मुले विचारतात, "गुरुजी, पोलिसांना गोळी घालायचा अधिकार असतो ना?" काय उत्तर द्यावे?

धम्माने शस्त्र सर्वस्वी नाकारलेले नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. पण त्या क्षणी इच्छा होती की गरज, हे कोणी ठरवायचे? गोळी झाडणाऱ्यानेच?

१९५८ चा सशस्त्र दल विशेष अधिकार कायदा ईशान्य भारताच्या काही भागांत आजही लागू आहे. त्याचे मूळ १९४२ चे आंदोलन दडपण्यासाठी इंग्रजांनी काढलेल्या वटहुकुमात आहे. 'अशांत क्षेत्र' जाहीर झाले, की जमावबंदी मोडणाऱ्यांवर इशारा देऊन प्राण जाईपर्यंत गोळी चालवता येते. खटला भरायचा तर आधी केंद्र सरकारची मंजुरी हवी. २ नोव्हेंबर २००० रोजी मणिपुरात मालोम येथे बसथांब्याजवळ आसाम रायफल्सच्या गोळ्यांनी १० माणसे मेली. त्यानंतर इरोम शर्मिला उपोषणाला बसल्या; ते २०१६ साली सुटले. कायदा मात्र राहिला.

रमाबाई नगरात हा कायदा नव्हता. म्हणून चौकशी आयोग बसला, खटला चालला आणि २००९ साली त्या तुकडीच्या फौजदाराला जन्मठेप झाली. पुढे त्याला जामीनही मिळाला. १२ वर्षांनी न्याय आला तो असा लंगडत. तरी 'गरज होती काय?' हे कोर्टात विचारले गेले.

कोणी म्हणेल, जिवावर उदार होऊन लढणाऱ्या जवानाचे हात का बांधता? बांधवांनो, जवान आपला शत्रू नव्हे. महार रेजिमेंटचा अभिमान आपल्या घराघरांत आहे. परंतु मागाहून जाब विचारल्याने त्याच्या हातची बंदूक काढली जात नाही. जाबच नसेल तर मात्र इच्छा गरजेचे कपडे घालून फिरू लागते, आणि प्रामाणिक जवानही खुन्याच्या रांगेत उभा दिसतो.

११ जुलैला रमाबाई नगरात मेणबत्ती लावाल, तेव्हा मुलांना मालोमच्या १० जणांविषयीही सांगा. आपल्यासाठी मागितलेला न्याय दुसऱ्यासाठी मागता येत नसेल, तर आपण धम्म घेतला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

जयभीम!