मुखपृष्ठाची साक्ष

रहस्यकादंबरीच्या मुखपृष्ठकाराची नैतिक स्थिती इतर ग्रंथांच्या चित्रकारांहून निराळी असते. त्याने कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली असते; ज्याच्यासाठी तो चित्र काढतो त्याने पहिले पानही उलटलेले नसते. जे ठाऊक आहे ते सांगावयाचे नाही आणि जे खोटे आहे ते दाखवावयाचे नाही, असे दुहेरी बंधन त्याच्यावर असते. पहिले सर्वांना मान्य आहे. दुसऱ्याचा विचार क्वचितच होतो.

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ १८६८ साली डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’मधून क्रमशः आली, तेव्हा तिच्यासोबत एकही चित्र नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत ‘हार्पर्स वीकली’ने तीच कथा सचित्र छापली. पुढे स्वस्त आवृत्त्यांच्या काळात मुखपृष्ठ अपरिहार्य झाले आणि त्यावर हिरा, मूर्ती, पौर्वात्य वेषातील गूढ आकृती येऊ लागल्या. हिऱ्याबद्दल तक्रार नाही; तो नावातच आहे. प्रश्न त्या आकृत्यांचा आहे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले त्या दिवशी हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी रक्षकांना मारून हिरा लुटतो, अशी कादंबरीची सुरुवात आहे. पुढे यॉर्कशायरच्या एका घरातून तो नाहीसा होतो आणि संशय तीन हिंदी जादूगारांवर येतो. वस्तुतः ते हिऱ्याच्या शोधात आलेले ब्राह्मण असतात आणि त्या रात्रीची चोरी त्यांची नव्हे हे लवकरच कळते. (ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी येथे थांबावे, मुखपृष्ठकाराचे मौन समीक्षकाला पाळता येत नाही.) अफूच्या अमलाखाली हिरा उचलतो फ्रँकलिन ब्लेक, आणि तो गिळंकृत करतो सभ्य, दानशूर म्हणून मिरवणारा गॉडफ्रे एबलव्हाइट. शेवटी एबलव्हाइटचे प्रेत सापडते ते खलाशाच्या वेषात, चेहऱ्याला काळा रंग फासलेले. सार्जंट कफ तो रंग धुऊन काढतो. हा खून त्या ब्राह्मणांनीच केला असावा, तेव्हा ते निष्पाप आहेत असे मी म्हणत नाही. परंतु काळ्या चेहऱ्याखाली गोरा चोर निघावा ही कॉलिन्सची योजना आहे, आणि मुखपृष्ठावर काळा चेहरा भयसूचक म्हणून रंगविणारा चित्रकार नकळत एबलव्हाइटचेच काम पुढे चालवितो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. वाचकाची दिशाभूल हा या साहित्यप्रकाराचा धर्मच आहे. स्वतः कॉलिन्स काही काळ संशय त्या तिघांवर राहू देतो. मग मुखपृष्ठाने तेच केले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे, की कादंबरीत संशय कोणा निवेदकाचा असतो. या कादंबरीतील प्रत्येक साक्षीदाराने स्वतः पाहिले तेवढेच सांगावे, असा दंडकच ब्लेकने घातला आहे. त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या साक्षीने दुरुस्त होते. मुखपृष्ठाला निवेदक नसतो. ते ग्रंथाच्याच आवाजात बोलते आणि दुरुस्तीसाठी त्याला पुढचे पान नसते. शिवाय दुकानाच्या काचेआड ते असंख्य लोक पाहतात, त्यांतले फार थोडे पुस्तक उघडतात. उरलेल्यांच्या मनात आरोप तेवढा राहतो, निर्दोषत्वाचा पुरावा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मग चित्रकाराने काय रंगवावे? साहित्य कॉलिन्सनेच पुरविले आहे. रेचेल आणि ब्लेक यांनी मिळून तिच्या खोलीचे दार रंगविलेले असते. चोरीनंतर कुलपाखाली तो ओला रंग पुसटलेला आढळतो. स्थानिक पोलीस अधिकाऱ्याला तो क्षुल्लक वाटतो, कफला वाटत नाही. चितारलेले दार आणि त्यावरचा एक फराटा. यात खोटे काही नाही, आणि रहस्यही फुटत नाही. उलट तपासाचा सगळा पुरावा वाचकासमोर उघडा असतो. अशा डागावर पुस्तक खपत नाही, असे प्रकाशक म्हणतील. पहिल्या वाचकांनी मात्र ही कादंबरी तीन कापडी खंडांत घेतली होती.